चाळणीवर शिक्का

आमचे बाबा सिनेमातल्या निवडणुकीला उभे राहिलेत, ही बातमी मला घरून कळली नाही. मी खामगावात सरकारी दवाखान्यात औषधवाटपाच्या खिडकीत बसते. सकाळची रांग होती. आमच्या गावाकडची एक बाई खोकल्याचं औषध पिशवीत टाकता टाकता म्हणाली, "ताई, गुरुजी उभे राह्यले म्हणे इलेक्शनले. सिनेमातल्या." औषध किती वेळा घ्यायचं ते तिला सांगायचं मी विसरले. ती दाराशी पोचल्यावर तिला हाका मारून परत बोलवावं लागलं.

दुपारी घरी फोन लावला. आईनं उचलला.

"हाव, राह्यले ना उभे," ती म्हणाली. "अन् पडनार हायेत. तसंच लिहेल हाय त्याच्यात."

माझं डोकंच फिरलं. मी रागीट आहे, हे सांगून टाकलेलं बरं. माझ्या खिडकीवर रांग मोडून पुढं येणाऱ्या माणसाला ते चांगलं माहीत आहे. पण त्या दिवशीचा राग तसा नव्हता. त्यात भीती होती. आमचे बाबा एकदा खरोखरच्या निवडणुकीत पडलेले आहेत.

आमचं गाव सोनाळ्याच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी. बाबा तिथंच प्राथमिक शाळेत गुरुजी होते, तिथंच निवृत्त झाले. त्यानंतरच्या ग्रामपंचायतीला आमच्या वॉर्डातल्या लोकांनीच त्यांना आग्रहानं उभं केलं. वॉर्ड म्हणजे विहाराभोवतीची आमची दोन-तीन आळ्यांची वस्ती आणि पलीकडची काही घरं. प्रचार कसला, बाबा घरोघरी जाऊन चहा प्यायले, आणि घरोघरचे लोक आमच्याकडं येऊन चहा प्यायले. "गुरुजी, मत तुमचंच," असं प्रत्येकजण म्हणाला. आणि बाबा पडले, तेही चांगलेच आपटले. ज्यांनी शब्द दिला त्यांच्यातल्या निम्म्यांनीही मत दिलं असतं तर ते निवडून आले असते.

पडण्याचं त्यांना फार वाटलं नाही. पण वॉर्डाच्या निवडणुकीत एक वाईट गोष्ट असते. मतदार सगळे ओळखीचेच असतात. कोणी दिलं नाही ते कळत नाही, पण कोणीतरी दिलेलं नाही हे पक्कं कळतं. तेव्हापासून रस्त्यात कोणी "नमस्कार गुरुजी" म्हटलं की बाबा त्याच्या तोंडाकडं गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पाहायचे. हा त्यातला का, असं त्यांच्या मनात चालायचं. रविवारी विहारात वंदना झाली की सगळे गप्पा मारत थांबायचे आणि बाबा चपला घालून सरळ घरी यायचे. ज्या माणसानं अर्ध्या गावाला बाराखडी शिकवली, त्याला त्याच अर्ध्या गावात मोकळं बसता येईना. आणि आता कोणीतरी उठून त्यांना गावासमोर परत एकदा पाडणार होतं, तेही लोकांना हसू यावं म्हणून.

हा कोणीतरी म्हणजे खामगावचाच एक लग्नाचं शूटिंग करणारा. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न त्यानंच कॅमेऱ्यात काढलं होतं. हळदीपासून पाठवणीपर्यंत दुसऱ्यांचीच सुखदुःखं काढून तो कंटाळला असावा. लग्नाचे मुहूर्त संपल्यावर त्यानं गावच्या निवडणुकीवर एक विनोदी सिनेमा लिहिला, आणि तो आमच्या गावात काढायचं ठरवलं. कलाकार गावातलेच. सिनेमा मोबाइलवर लागणार होता. मी त्याच संध्याकाळी त्याच्या दुकानात गेले.

"बसा ताई, चहा सांगतो," तो म्हणाला.

"चहा नको. बाबांना कशाला घेतलं?"

"चेहरा पाहून घेतलं," तो म्हणाला. "माह्या ष्टोरीत तीन उमेदवार हायेत. दोघं वाट्टेल ते कबूल करतात. तिसरा खरं बोलतो. म्हणतो, माह्याच्यानं एवढंच होते, याच्यापुढचं नाई होत. त्याले एकबी मत पडत नाई. त्याचं सोताचं बी नाई. आता खरं बोलनाऱ्याचा चेहरा मी कुठून आनू? गुरुजीकडं तो तयार हाय."

"ते खरंच पडलेत एकदा," मी म्हणाले. "तेव्हाही लोक हसलेच होते."

त्याला हे माहीत नव्हतं. त्यानं हातातला कॅमेरा खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग तुमीच गुरुजीले इचारा. ते नाई म्हनतीन तं मी दुसरा पाहातो. शब्द देतो."

मी रविवारी गावी गेले आणि विचारलं. बाबा ओट्यावर बसून सिनेमाचे कागद वाचत होते. चष्म्यातून माझ्याकडं पाहत म्हणाले, "मले ष्टोरी आवडली. तू आडवी येऊ नको." एवढंच. आवडली तर का आवडली, ते काही सांगेनात. मी आईकडं पाहिलं, तर ती कणीक मळत हसत होती. शेवटी मी ठरवलं की दर रविवारी शूटिंगला हजर राहायचं, आणि कोणी बाबांची फार टिंगल करायला लागलं की जागच्या जागी सिनेमा बंद पाडायचा.

माझं हे पहारा देणं पहिल्याच रविवारी संपलं. म्हणजे मी हजर होते, पण पहारेकरी म्हणून नव्हते. त्याला कारण तो शूटिंगवाला आणि त्याची कामाची रीत.

त्या माणसाला खोटं काही काढताच येत नव्हतं. सारी उमर लग्नं काढलेली. लग्नात अक्षता एकदाच पडतात, नवरी एकदाच रडते, कोणाला परत रड म्हणता येत नाही. त्यामुळं 'समजा मिरवणूक चालू आहे' हे त्याला जमायचंच नाही. तो म्हणायचा, "समजा कायले? काढा ना मिरवनूक. मी पाहातो." मग खरीच मिरवणूक निघायची. प्रचाराची पंगत हवी, तर रोडगे आणि वांग्याची भाजी खरीच व्हायची, आणि गाव खरंच जेवायचं. जेवताना लोक लग्नात बघतात तसे कॅमेऱ्याकडं बघत घास घ्यायचे. पहिल्या दिवशी एक म्हातारबुवा पोटभर जेवून उठले आणि हात धुताना मला विचारू लागले, "पोरी, कोनाकून होती पंगत?" मी म्हणाले, सिनेमाकडून. "मंग मत त्याइलेच," म्हणत ते निघून गेले.

तीन उमेदवारांतला पहिला होता आमच्या गावातला पिठाच्या चक्कीवाला. त्याचं चिन्ह खलबत्ता. त्याचं भाषण असं होतं की गावात नदी नाही हा गावावर अन्याय आहे, म्हणून आधी पूल बांधू, पूल बांधला की नदीला यावंच लागेल. तो हे इतक्या गंभीरपणे म्हणायचा की बायका तोंडाला पदर लावायच्या. दुसरा उमेदवार मंडपवाला, त्याचं चिन्ह सतरंजी. एकाच मिरवणुकीत तो तीनदा पक्ष बदलतो. प्रत्येक वळणावर कोणीतरी नवा दुपट्टा त्याच्या गळ्यात टाकतं, जुना काढून घेतं, आणि मागचे लोक घोषणा अर्ध्यात बदलतात. तिसऱ्या वळणावर लोकांना कळेचना की आता कोणाच्या नावानं ओरडायचं. एक बाई ओरडली, "येऊन येऊन येनार कोन," आणि बाकीच्यांनी सुरात उत्तर दिलं, "पाहून सांगतो." हे कागदात नव्हतं. शूटिंगवाला कॅमेरा धरून हसत होता, त्याचे खांदे हलत होते.

आणि तिसरे बाबा. चिन्ह चाळणी.

चक्कीवाला आणि बाबा सिनेमात समोरासमोर उभे राहणार, हीच खरं तर गावासाठी मोठी गंमत होती, कारण दोघांचं बोलणं बंद होतं. पडल्यानंतर बाबांनी मनातल्या मनात ज्यांच्यावर संशय घेतला त्यांच्यात चक्कीवाला सगळ्यात वर होता. तेव्हापासून आमचं दळण गावात होत नसे. ज्वारी-गहू पिशवीत भरून सोनाळ्याला जायचं, आणि पीठ होऊन परत यायचं. चक्की आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आईला त्याचा फार वैताग होता, पण बाबांपुढं तिचं काही चालत नव्हतं. आता सिनेमात दोघांना एकमेकांना हार घालायचा होता. चक्कीवाल्यानं हार घातला आणि बाबांनी तो इतक्या तुटकपणे काढून ठेवला की कॅमेऱ्यामागचे सगळे खूश झाले. त्यांना तो अभिनय वाटला.

बाबांच्या प्रचारफेरीचा दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. कागदात होतं की चाळणीवाल्या उमेदवाराच्या मागं कोणीच नसतं. एक रिक्षा, त्यावर भोंगा, पुढं बाबा चालतायत. वरून ड्रोन उडत होता, वरातीवर उडवतात तोच. बाबा प्रत्येक दारासमोर थांबून, हात जोडून म्हणायचे, "माझ्याच्यानं नाली साफ होईल. पाण्याची टाकी महिन्यात एकदा धुवून घेता येईल. रस्ता होणार नाही, कारण रस्त्याचा पैसा आपल्या हातात नसतो." कॅमेरा समोर आला की बाबा अस्सल शाळेतली भाषा काढायचे. लोक दारातून बाहेर यायचे, ऐकायचे, आणि ठरल्याप्रमाणे मान हलवून आत जायचे. दार लावून घ्यायचे. एकेका दाराचा आवाज मी मोजत होते.

पण बाबांचा चेहरा पाहिला आणि मी गोंधळले. त्यांना मजा येत होती. चौथ्या-पाचव्या दारापासून ते रंगातच आले. एक दार लागलं तर त्याच दाराला म्हणाले, "बरं, विचार करून सांगा," आणि पुढं निघाले. रिक्षावरचा भोंगा मध्येच बंद पडला तेव्हा त्यांनी मागं वळून न पाहता हातानंच मला खूण केली. मी काय करावं हे मला कळायच्या आत तोंडातून निघालं, "चाळणीलेच." मग परत, मोठ्यानं, "शिक्का मारा, चाळणीलेच." दवाखान्याच्या खिडकीतून बाहेर ओरडायची मला सवय आहे, आवाज काही कमी नव्हता. मागून आणखी दोघी-तिघी मिसळल्या. ठरलेलं होतं की बाबा एकटे चालतील, आणि आळीच्या टोकाला पोचेपर्यंत त्यांच्यामागं चांगली पंधरा-वीस माणसं झाली होती. शूटिंगवाला पळत आला, "ताई, अठी कोनी नसते मागं," म्हणाला. मी म्हणाले, "आता आहेत. काढा." सिनेमा बंद पाडायला आलेली मी, सिनेमात प्रचार करत होते. घरी आल्यावर घसा बसला होता आणि मला फार, फार छान वाटत होतं.

मग आला मतदानाचा रविवार.

मतदान शाळेत ठेवलं होतं, जिथं बाबांनी शिकवलं त्याच खोलीत. मतदानाचं यंत्र कुठून आणणार, म्हणून कागदी मतपत्रिका छापल्या, प्रत्येकीवर तीन चिन्हं. तेलाच्या रिकाम्या पिप्याला वरून भोक पाडून त्याची मतपेटी केली. बोटाला लावायची शाई नव्हती. शूटिंगवाल्यानं आपल्या लग्नाच्या सामानातून मेंदीचा कोन काढला आणि प्रत्येकाच्या बोटावर एक ठिपका दिला. बायका लाजत होत्या आणि पुरुष त्याहून जास्त लाजत होते. पुढचा आठवडाभर आमच्या गावात ज्याचं त्याचं बोट लाल होतं, आणि सोनाळ्याच्या बाजारात लोक विचारत होते की कोणाकडं लग्न होतं.

सिनेमात बाबांना एकही मत पडणार नाही, हे तीन उमेदवार, शूटिंगवाला, आई आणि मी सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. तो ते सांगतच नसे. म्हणे, नवरी कशी दिसते ते आधी सांगितलं तर पाहणाऱ्याच्या तोंडावर काही उमटत नाही. लोकांना त्यानं एवढंच सांगितलं, "मत खरं द्या. ज्याले द्यायचं त्याले द्या. आत जाऊन शिक्का मारताना तोंड कसं होते ते मले पाह्यजे." मी त्याला विचारलं की मग मोजणीचं काय. तर म्हणाला, "कागद कॅमेऱ्यात कुठं दिसते? तुमी वाचा म्हंजे झालं." कारण मोजणीचा अधिकारी त्यानं मलाच केलं होतं. "ताई, तुमचा चेहरा सरकारी हाय," हे त्याचं कारण. मला राग यायला हवा होता, पण मी घरी जाऊन इस्त्रीची साडी नेसून आले.

मोजणी दुपारी सुरू झाली. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर पिपा. पलीकडं तीन उमेदवार खुर्च्यांवर. मागं आणि खिडक्यांत सगळं गाव. मी कागद उघडायचा, मोठ्यानं चिन्ह वाचायचं, आणि तो त्या उमेदवारासमोर ठेवायचा. खलबत्ता किंवा सतरंजी, काय जास्त वाचायचं ते माझ्यावर. चाळणी मात्र एकदाही वाचायची नव्हती. शेवटी पिपा रिकामा होतो, बाबांसमोर एकही कागद नसतो, आणि ते विचारतात, "आणि माझं स्वतःचं कुठं गेलं?" इथं सिनेमातला सगळ्यात मोठा हशा होता.

मी पहिला कागद उघडला. शिक्का चाळणीवर होता.

मी "खलबत्ता" म्हणाले आणि कागद घडी घालून चक्कीवाल्यासमोर ठेवला. दुसरा उघडला. चाळणी. "सतरंजी," मी म्हणाले. तिसरा, चाळणी. चौथा, सतरंजी, एकदाचा खरा. पाचवा, परत चाळणी. मी मान वर करून पाहिलं. खिडकीतल्या बायका माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर लहानपणी निकालाच्या दिवशी याच शाळेत पोरांच्या तोंडावर दिसायचं तसं काहीतरी होतं. त्या चाळणीची वाट पाहत होत्या. आणि मी एकेक चाळणी उचलून दुसऱ्यांच्या पुढ्यात टाकत होते.

पुढचा कागद मी उघडला आणि ओरडूनच वाचला, "चाळणी."

शूटिंगवाल्यानं कॅमेऱ्यामागून हात हलवला, नाही, नाही. मी तिकडं पाहिलंच नाही. पुढचा, चाळणी. मग चाळणी. मग खलबत्ता. मग परत चाळणी. मी आधीच्या घड्याही उचलून उघडल्या आणि ज्याचा कागद त्याच्यासमोर ठेवला. वाचता वाचता माझा आवाज चढत गेला, आणि मागून कोणीतरी माझ्याबरोबर म्हणायला लागलं, मग सगळेच. बाबांसमोरचा ढीग वाढत वाढत टेबलाच्या कडेला आला आणि काही कागद खाली पडले. चक्कीवाल्यानं वाकून ते उचलले, नीट लावले आणि परत बाबांसमोर ठेवले. पिपा रिकामा झाला तेव्हा बाबा जिंकलेले होते, आणि जिंकायचं कसं हे त्यांच्या कागदात लिहिलेलंच नव्हतं.

ते उठले नाहीत. ढिगातला एक कागद उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेला, मग दुसरा.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं. वर्गात खडू फेकल्यावर विचारायचे त्याच आवाजात.

गाव वर्गातल्यासारखंच खाली पाहायला लागलं. मग आमच्या समोरच्या घरातल्या काकू पुढं आल्या. त्या आईच्या रोजच्या सोबतिणी. सकाळचा चहा आमच्याकडं, संध्याकाळची भाजी निवडणं आमच्याकडं.

"म्या केलं गुरुजी," त्या म्हणाल्या. "त्या वक्ती नाई देलं तुमाले. भावाच्या शब्दाखातर तिकडं दाबलं बटन. तुमच्या घरचा चहा पिऊनच गेल्ती. आज मनानं देलं."

कोपऱ्यातून एकजण म्हणाला, "मी बी नव्हतं देलं." मग आणखी एक. मंडपवाल्यानं खुर्चीतल्या खुर्चीत हात वर केला. बाबा एकेकाकडं बघत होते आणि त्यांचं तोंड हळूहळू उघडत होतं. मग ते चक्कीवाल्याकडं वळले आणि वाट पाहायला लागले.

चक्कीवाला म्हणाला, "मी तं तवा बी देलं होतं गुरुजी. तुमी दळन बंद केलं तं मले वाटलं, माह्या पिठात खडे निंगून राह्यले का काय."

आई मागून इतक्या जोरात हसली की कॅमेऱ्यातसुद्धा तो आवाज आहे. आणि बाबा काकूंना म्हणाले, "तुमच्यावर तं मले कधी शंकाच नाई आली." एवढं बोलून ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मी टेबलाच्या अलीकडं सरकारी चेहरा करून बसले होते आणि माझ्याही गालांवरून पाणी वाहत होतं. मला त्याची काही लाज वाटली नाही.

शूटिंगवाला मात्र कपाळाला हात लावून उभा होता. त्याच्या सिनेमाचा शेवटच गेला होता. "गुरुजी," तो म्हणाला, "आता काय करू? परत मोजनी काढायची कशी? एकदा झालं ते झालं." लग्नवाला माणूस. एकच गोष्ट परत काढणं त्यानं आजवर कधी केलेलंच नव्हतं.

बाबा उठले. त्यांनी आपल्यासमोरचा ढीग दोन्ही हातांनी उचलला आणि निम्मा चक्कीवाल्यासमोर ठेवला. "घे, तुले पूल बांधायचा आहे." निम्मा मंडपवाल्यासमोर. "अन् तुले दुपट्टे लागतात." आपली जागा हातानं पुसून साफ केली. मग सगळ्यांकडं वळून म्हणाले, "आता मी परत पडतो. तुमी फक्त हसू दाबू नका."

तो दुसरा शेवट काढताना जे झालं ते कोणत्या कागदात नव्हतं. मी शेवटचा कागद वाचला. बाबांनी आपल्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. पिपा उलटा केला, तळाशी टकटक केली, आत तोंड घालून हाक मारली, "कोणी आहे का?" मग सावकाश मान वळवून आईकडं पाहिलं आणि म्हणाले, "तू बी?" आईनं पदर तोंडावर घेतला आणि मान हलवली. पुढं ते जे वाक्य बोलले ते मला ऐकूच आलं नाही, इतकं गाव हसत होतं. खिडकीतली पोरं, म्हातारे, काकू, सगळे. काकू तर भिंतीला टेकून खाली बसल्या. आणि बाबा मधोमध उभे राहून, अगदी पडलेला चेहरा करून, त्या हसण्याला पुरेपूर वेळ देत होते. हसू जरा ओसरलं की परत पिप्यात डोकवायचे.

रात्री जेवताना शूटिंगवाल्यानं विचारलं, "गुरुजी, पहिलं बी हाय माह्याजवळ. सगळं आलं हाय कॅमेऱ्यात. लय भारी हाय. ते टाकू का?"

"पहिलं नको," बाबा म्हणाले. "ते आपलं आपल्यात राहू दे. सिनेमात दुसरं टाक."

आईनं त्याच्या ताटात आणखी एक रोडगा वाढला, आणि तो विषय तिथं संपला.

सिनेमा लागला तसा चाललाही. बाबा खामगावला आले की बसस्थानकावर लोक ओळखतात. परवा माझ्या खिडकीसमोर ते माझ्यासाठी डबा घेऊन उभे होते, तर रांगेतला एक अनोळखी माणूस त्यांना म्हणाला, "बाबाजी, तुमाले खरंच एकबी मत नाई पडलं? घरच्याचं बी नाई?"

आमच्या गावची दोघंजणं रांगेत होती. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि हसू दाबलं. मी खाली मान घालून गोळ्या मोजत राहिले.

"एक बी नाई," बाबा म्हणाले, आणि ते इतक्या आनंदात म्हणाले की तो माणूस औषध न घेता तिथंच उभा राहून त्यांच्याकडं पाहत राहिला.